खोलीत आणि खोलात

सरकारी नोकरीत मी नव्याने रुजू झालो होतो त्या दिवसांत, गावतळ्यांत गाळ साचून पाण्याचा साठा कसकसा घटत जातो या विषयावर एक इंग्रजी टिपण तयार करण्याचे काम माझ्या वाट्याला आले होते. टिपण म्हणजे तालुक्यातालुक्यांतून आलेल्या तक्त्यांचे सार: अमुक तळे मध्यभागी १३ फूट खोल आहे, तमुक ९ फूट, तिसऱ्याचा तळ वैशाखात उघडा पडतो, आणि असेच पुढे. ते मी मोठ्या हौसेने सहा फुलस्केप पानांत उतरविले, टंकलेखकाच्या मिनतवाऱ्या करून त्याच्या दोन स्वच्छ प्रती काढवून घेतल्या आणि फाइलीत लावून वर पाठविल्या. तिसऱ्या दिवशी फाइल परत आली. पहिल्याच पानाच्या समासात तांबड्या पेन्सिलीने शेरा होता: 'प्लीज डिस्कस मोअर इन डेप्थ.' आमच्या शाखेचे वयोवृद्ध हेडक्लार्क, ज्यांची उभी हयात दप्तरातल्या इंग्रजीशी झटापट करण्यात गेली होती, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून, तो शेरा दोनदा वाचला आणि ते म्हणाले, "अहो, तळे तेरा फूट खोल आहे म्हणून तुम्ही स्वच्छ लिहिलेय की! साहेबांना आणखी किती खोल पाहिजे?"

हसण्यावारी नेण्याजोगा तो प्रश्न पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून राहिला, कारण त्यात नकळत एक तर्कशास्त्रीय आक्षेप दडलेला होता. 'अधिक' हा शब्द उच्चारणाऱ्याने दोन बाबींचा हिशेब देणे प्राप्त असते: अधिक काय, आणि कशाहून अधिक. वजन, लांबी, किंमत यांच्या बाबतीत हा हिशेब कोणी चुकवीत नाही. वाण्याच्या दुकानात 'अधिक द्या' एवढेच म्हणणाऱ्याला 'काय आणि किती' असे विचारले जातेच. खोलीच्या बाबतीत मात्र, आणि ती खोली पाण्याची नसून विचाराची असेल तेव्हा तर विशेषच, चांगली शिकलीसवरलेली माणसेही हा हिशेब खुशाल उधारीवर टाकतात. आणि माझे म्हणणे असे की, लेखी इंग्रजीत खोलीच्या तुलनेचे जे प्रयोग चुकतात त्यांतले पुष्कळसे व्याकरणाच्या निव्वळ अज्ञानाने चुकलेले नसतात, ही मुळातली उधारीच व्याकरणाच्या खतावणीत उघडी पडलेली असते.

प्रथम आपल्या घरचे पाहू. मराठीत 'खोल' हे विशेषण आणि 'खोली' हे त्याचे भाववाचक नाम. परंतु 'खोली' या शब्दातच आपण खाट टाकतो, दिवा लावतो आणि दरमहा भाडेही भरतो. त्यामुळे सप्तमीचा प्रत्यय लावताना मराठी माणसाला जरा जपावे लागते. प्रश्नाच्या खोलात शिरणे निराळे आणि प्रश्न घेऊन खोलीत शिरणे निराळे. एका इंग्रजी अहवालाच्या मराठी तर्जुम्यात 'समितीने या विषयाचा खोलीत अभ्यास केला' असे वाक्य मी स्वतः वाचलेले आहे. भाषांतरकाराने बिचाऱ्याने 'इन डेप्थ' याचा इमानेइतबारे प्रतिशब्द दिला होता, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र दार लोटून, पंखा सुरू करून, चहाची वाट पाहत बसलेली समिती उभी राहत होती. हे चित्र वस्तुस्थितीच्या फारसे विरुद्ध असेल असेही नाही. जाणता लेखक अशा ठिकाणी 'सखोल' म्हणतो. हा शब्दही जरा चमत्कारिकच, कारण 'स' हा उपसर्ग सविस्तर, सप्रमाण, सकारण यांप्रमाणे नामाला लागावा अशी रीत असताना येथे तो एका विशेषणाला चिकटला आहे. परंतु त्याचा खरा विशेष निराळाच आहे. 'सखोल अभ्यास' येथे तो विशेषण आहे, आणि 'तिने त्या प्रश्नाचा सखोल विचार केला' येथे क्रियाविशेषण म्हणूनही तो तसाच खपून जातो. रूप तिळमात्र न बदलता तो दोन्ही पाटांवर जेवतो. 'अधिक सखोल' म्हटले की मराठीतले काम भागले. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे वेष लागतात, आणि आपल्याला ज्या भेदाची घरी सवयच नाही तो परभाषेत लिहिताना आठवत नाही.

इंग्रजीतला 'डीप' हा शब्द जुना, अस्सल जर्मानिक कुळातला, जर्मन 'टीफ'चा सख्खा भाऊ. 'डेप्थ' हे नाम मात्र त्या मानाने उशिराचे, 'लेंग्थ' आणि 'स्ट्रेंग्थ' यांच्या साच्यात मध्ययुगात ओतलेले. या 'डीप'चा संसार मोठा आहे. आपण ज्या झोपेला गाढ म्हणतो, ज्या रंगाला गडद म्हणतो, ज्या आवाजाला खर्जातला म्हणतो, ज्या अरण्याला घनदाट आणि ज्या रहस्याला गूढ म्हणतो, त्या सर्वांना इंग्रज एकाच 'डीप'ने हाक मारतो आणि त्यांची तुलनाही 'डीपर' या एकाच शब्दाने करतो. मराठी माणसाला हा संसार पाहून वाटते की, मग 'डेप्थ'लाही सर्वत्र मुक्त संचार असला पाहिजे. आणि येथेच तो फसतो. झोप 'इन डेप्थ' लागत नाही, शाई 'इन डेप्थ' निळी नसते, आणि उपकारकर्त्याला पत्र लिहिताना 'मी आपला इन डेप्थ ऋणी आहे' असे कोणी लिहिले तर त्याच्या कृतज्ञतेविषयी नव्हे, पण शुद्धीविषयी शंका घ्यावी लागेल. भावनेच्या प्रांतात 'डीपली' याच शब्दाचा अंमल चालतो. 'इन डेप्थ' हा चौकशीचा, अभ्यासाचा, चर्चेचा शब्द आहे. लष्करी परिभाषेत 'डिफेन्स इन डेप्थ' म्हणून एक संज्ञा आहे. तिचा अर्थ, शत्रूला एकाच तटावर न अडविता एकीमागे एक अशा अनेक फळ्या उभ्या करणे, म्हणजे पहिली फळी फुटली तरी दुसरी आहेच. ही खोली खाली जाणारी नसून मागे जाणारी आहे, कपाटाची किंवा रंगमंचाची असते तशी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर 'इन-डेप्थ' हे विशेषण वृत्तपत्रांच्या बाजारात सरसकट चालू झाले, आणि आज ते इतके चालते की नाण्यावरचा छाप झिजत आला आहे. पण ही फळ्यांची कल्पना मनात ठेवली तर त्यातला मूळचा टणकपणा पुन्हा हाती लागतो. एका स्पष्टीकरणामागे दुसरे उभे आहे, पहिल्या आकड्यामागे त्याचे कारण उभे आहे, असे जेथे असेल तेथे लेखन 'इन डेप्थ' झाले म्हणावे. नुसती पाने वाढली म्हणजे फळी तेवढी लांब झाली, मागे कोणी नाही ते नाहीच.

आता त्या आडव्या रेघेकडे वळतो, जिला आपण संयोगचिन्ह म्हणतो आणि जी बहुतेक हस्तलिखितांत मिठासारखी, म्हणजे हाताला येईल तेवढी, पडलेली असते. 'त्यांनी तळ्याचा अभ्यास इन डेप्थ केला' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात 'इन' आणि 'डेप्थ' हे दोन सुटे शब्द असतात, कारण ते दोघे मिळून क्रियापदाची चाकरी करीत असतात. 'ॲन इन-डेप्थ स्टडी' म्हटले की ते नामाच्या चाकरीला लागले, आणि ही बदली रेघेने नोंदवावी लागते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याचा सोपा मार्ग मला पुष्कळ दिवसांनी सापडला. 'वरवर पाहिले' आणि 'वरवरची पाहणी' हे दोन प्रयोग घ्या. 'वरवर' हे क्रियाविशेषण. त्याला नामाशेजारी बसवायचे झाले की आपण त्याच्या पदराला 'ची' बांधतो. 'मनापासून आभार मानले', पण 'मनापासूनचे आभार'. मराठीत जे काम 'चा-ची-चे' करतात ते इंग्रजीत ती इवलीशी रेघ करते. 'वरवर पाहणी' असे लिहिणाऱ्या मुलाला आपण जितक्या सहजतेने थांबवू, तितक्याच सहजतेने विनारेघेचा 'इन डेप्थ स्टडी' आपल्या डोळ्यांना खुपला पाहिजे. इंग्रजीतली संयोगचिन्हे अलीकडे झपाट्याने अस्तंगत होत आहेत, हे खरे. 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशाच्या २००७ सालच्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांवरची ही रेघ एका फटक्यात उडवून लावली. तथापि 'इन-डेप्थ'ची रेघ आजही शाबूत आहे, आणि ती आहे तोवर तिचा मान ठेवला पाहिजे.

एवढे ध्यानात आले म्हणजे तुलनेचा गुंता पुष्कळसा आपोआप उलगडतो. रेघ बांधलेले 'इन-डेप्थ' हे विशेषण झाले असल्यामुळे त्याच्याआधी 'मोअर' लावण्याला हरकत नाही. 'अ मोअर इन-डेप्थ स्टडी' हे शुद्ध इंग्रजी आहे. ज्याअर्थी अभ्यास सखोल आहे त्याअर्थी तो पूर्ण सखोल आहे, त्याला 'अधिक' कसले लावता, असे काही सोवळे लोक म्हणतात. ते मला मान्य नाही. विहीर खोल असते आणि दुसरी विहीर तिच्याहून खोल असते. अभ्यासालाच तेवढा हा अधिकार का नसावा? परंतु शुद्ध असणे वेगळे आणि सुरेख असणे वेगळे, आणि 'डीपर' हा दोन अवयवांचा लहानसा शब्द दारात उभा असताना 'मोअर इन-डेप्थ' ही लांबलचक वरात बोलावण्याचे प्रयोजन मला क्वचितच दिसते.

खरी कसूर घडते ती सुट्या प्रयोगात. 'डिस्कस मोअर इन डेप्थ' या शेऱ्यात 'मोअर' कोणाचा? तो 'डेप्थ'चा असावा अशी लिहिणाऱ्याची इच्छा आहे, पण 'इन' हा द्वारपाल मध्ये उभा आहे आणि 'मोअर' बाहेर ओसरीवर बसला आहे. वाढायचे आहे ते खोलीने, तेव्हा वाढीचा शब्द खोलीला लागून असला पाहिजे; म्हणून 'इन मोअर डेप्थ', आणि त्याहून चांगले 'इन ग्रेटर डेप्थ'. मराठी माणसाच्या हातून ही चूक विशेष सहजतेने होते त्याचे कारण आपल्या विभक्तीत आहे. आपला 'त' हा प्रत्यय शब्दाच्या शेपटीला लागतो, त्यामुळे 'अधिक खोलात' म्हणताना 'अधिक' आणि 'खोल' यांची गाठ मुळी सुटतच नाही. तोच क्रम कायम ठेवून शब्दास शब्द ठेवीत गेलो की 'मोअर इन डेप्थ' तयार होतो, आणि आपल्या कानाला त्यात काही खटकत नाही. खटकण्यासाठी एक कसोटी सांगतो. 'ॲट लेंग्थ' म्हणजे विस्ताराने. त्याची तुलना 'ॲट ग्रेटर लेंग्थ' अशीच होते, 'मोअर ॲट लेंग्थ' असे म्हणताना जीभच अडखळते. 'इन डिटेल'चेही तेच. तपशील वाढवायचा तर 'इन मोअर डिटेल' किंवा 'इन ग्रेटर डिटेल'. जे लांबीला आणि तपशिलाला लागू तेच खोलीला लागू.

जाता जाता आणखी एका तफावतीची नोंद करतो, कारण ती फार थोड्यांच्या लक्षात येते. पाणबुड्या अधिक खोलीवर जातो तेव्हा इंग्रजी त्याच्याविषयी 'ॲट अ ग्रेटर डेप्थ' असे म्हणते, आणि समीक्षक अधिक खोलात जातो तेव्हा 'इन ग्रेटर डेप्थ' असे. पहिल्यात 'अ' हा एकेरी उपपदाचा कण आहे, कारण ती खोली मोजता येणारी, एक विशिष्ट खोली आहे, आणि दुसऱ्यात तो नाही, कारण ती कोणी फुटांत मोजलेली नाही. एका अक्षराच्या असण्यानसण्यावर माणूस समुद्रात आहे की ग्रंथालयात आहे हे ठरते. अनेकवचनी 'डेप्थ्स' हे तिसरेच प्रकरण. ते निराशेला, हिवाळ्याला आणि अरण्याला लागते, आणि त्याचा अभ्यासाशी काही संबंध नाही.

शाळेतल्या मुलांच्या चुका निराळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात अधिक ममत्व आहे. मराठीत तुलनेचा सारा भार 'पेक्षा' किंवा 'हून' वाहतात आणि विशेषण जागचे हालत नाही. 'ही विहीर त्या विहिरीपेक्षा खोल आहे' यात 'खोल' जसाच्या तसा. म्हणून पाचवी-सहावीतला मुलगा 'डीप दॅन' असे लिहितो. त्याला गुरुजी 'डीपर'ची सक्ती करतात, तेव्हा भीतीपोटी तो एक पाऊल पुढे जाऊन 'मोअर डीपर' लिहितो, म्हणजे दंडही भरतो आणि तुरुंगवासही पत्करतो. पण या दुहेरी तुलनेला आपण तरी किती हसावे? संस्कृतात तुलनेची दोन प्रत्ययकुळे आहेत. एक 'तर' आणि 'तम' यांचे, जसे गभीरतर आणि गभीरतम, आणि दुसरे 'ईयस्' आणि 'इष्ठ' यांचे, ज्यातून ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ ही रूपे आली. 'डीपर'मधला 'अर' आणि 'डीपेस्ट'मधला 'एस्ट' हे या दुसऱ्याच कुळातले, 'ईयस्' आणि 'इष्ठ' यांचे दूरदेशी गेलेले भाऊबंद होत. म्हणजे 'श्रेष्ठ' हाच मुळात 'सर्वांत चांगला' असा तमभाव पोटात घेऊन आलेला शब्द. असे असता आपण बिनदिक्कत 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो, आणि 'श्रेष्ठतम' हे दुहेरी रूप तर शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात येऊन बसले आहे. शेक्सपिअरनेही 'ज्यूलिअस सीझर' नाटकात अँटनीच्या तोंडी असा दुहेरी तमभाव घातला आहे आणि त्याच्या काळी कोणाला त्याचे वावगे वाटले नाही. पुढे व्याकरणकारांनी वटहुकूम काढला म्हणून ते रूप अशिष्ट ठरले. 'मोअर डीपर' आज लेखी इंग्रजीत अक्षम्य आहे, ते दुरुस्त केलेच पाहिजे. परंतु दुरुस्त करताना मुलाच्या बुद्धीचा उद्धार करण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीशी फार मोठी मंडळी उभी आहेत.

येथे एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. खुद्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा, ते 'मोअर इन डेप्थ' असे सर्रास बोलतात आणि कधी कधी लिहितातही; मग आपण परक्यांनी त्यांच्या दारात उभे राहून त्यांनाच सोवळेओवळे शिकवावे, हा कुठला न्याय? आक्षेपात तथ्य आहे. जिवंत भाषेचा मालक बोलणारा असतो, कोश तिची जमाबंदी तेवढी करतात. परंतु ज्याने घर बांधले त्याला भिंतीला टेकून झोपण्याची मुभा असते, पाहुण्याने जरा सावरून बसावे; आणि आपण जे इंग्रजी लिहितो ते बहुशः अर्जाचे, अहवालाचे, प्रबंधाचे, न्यायालयापुढील कैफियतीचे असते, जेथे बोलण्यातली सैल वस्त्रे चालत नाहीत. शिवाय ही काटेकोरी परक्यांनी लादलेली नव्हे. फाउलर बंधूंनी १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले, धाकट्याच्या मृत्यूनंतर थोरल्याने १९२६ साली 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' पुरे केले, आणि १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश ट्रेझरीच्या विनंतीवरून 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक केवळ सरकारी नोकरांसाठी लिहिले, तेव्हा त्या देशातल्या कारकुनांचे इंग्रजीही काही गंगोदक नव्हते हे उघड आहे. फाउलर बंधूंचा उपदेश असा की, परिचित शब्द असता दुर्मीळ नको, मूर्त असता अमूर्त नको, एक असता चार नकोत, लहान असता मोठा नको, आणि सॅक्सन असता लॅटिन वळणाचा नको. या पाचही कसोट्यांवर 'डीपर' उतरतो. 'मोअर इन डेप्थ' हा त्यांतल्या निदान दोन कसोट्यांवर तरी नापास होतो, आणि 'डेप्थ' सॅक्सन आहे म्हणून तिसरीत कसाबसा तगतो.

पण खरे सांगायचे तर, पुष्कळदा उत्तम दुरुस्ती 'इन ग्रेटर डेप्थ' ही नसून खोलीचा शब्दच काढून टाकणे ही असते. 'समितीने प्रकरण मोअर इन डेप्थ एक्झॅमिन करावे' या धाटणीचे वाक्य माझ्यापुढे अनेकदा आले आहे. आता 'एक्झॅमिन' म्हणजे तपासणे. तपासताना माणूस खोल जात नाही, जवळ जातो, डोळे बारीक करतो. म्हणून तेथे 'मोअर क्लोजली' हवे. विचार मात्र 'मोअर डीपली' होतो, जमीन 'डीपर' खणली जाते, विषयात 'डीपर' शिरता येते. या शेवटच्या दोहोंत 'डीपली' का नाही, असे विद्यार्थी विचारतात. जेथे खरोखरच खाली उतरण्याचे, आत जाण्याचे चित्र डोळ्यांपुढे असते, तेथे 'डीप' आणि 'डीपर' हीच रूपे क्रियाविशेषणाचे काम करतात. जेथे चित्र पुसले जाऊन केवळ तीव्रता उरली तेथे 'डीपली' येतो. 'स्टिल वॉटर्स रन डीप' ही त्यांची म्हण आहे. तीत 'डीप'च्या जागी 'डीपली' घातला की पाणी तत्क्षणी आटते. आपली म्हण याच्या उलट टोकाने सुरू होते: उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांनी खोल पाण्याच्या मौनाची थोरवी गायिली, आपण उथळ पाण्याच्या गोंगाटाची टर उडविली.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर ज्यांनी खोली हा पोटापाण्याचा विषय केला त्यांच्याकडे वळणे उचित होईल. शिडाच्या जहाजांच्या काळात किनाऱ्याजवळ येताना एक खलाशी कठड्याशी उभा राहून शिशाचा ओळंबा दोरीने पाण्यात सोडीत असे. माप 'फॅदम'चे, म्हणजे ६ फुटांचे. आणि 'फॅदम' या शब्दाचा मूळ अर्थ दोन्ही हात पसरून घातलेली कव. आपल्याकडे त्यालाच 'वाव' म्हणतात, संस्कृत 'व्याम' या शब्दापासून आलेला. इंग्रजीत त्याच 'फॅदम'चे पुढे क्रियापद झाले आणि त्याला 'आकळणे' असा अर्थ आला. आपणही मनाचा ठाव घेतो आणि एखाद्याचा थांग लागत नाही म्हणून कष्टी होतो. ओळंब्याच्या दोरीवर २, ३, ५, ७, १०, १३, १५, १७ आणि २० फॅदमांवर खुणा बांधलेल्या असत: कोठे चामड्याच्या दोन पट्ट्या, कोठे तीन, कोठे पांढरे कापड, कोठे तांबडे, दहाव्यावर भोक पाडलेले चामडे, आणि हे जिन्नस मुद्दाम निरनिराळ्या पोताचे, कारण रात्री अंधारात ते बोटांनी, प्रसंगी ओठांनी, चाचपून ओळखावे लागत. ओळंबा तळाला टेकला आणि पाण्याच्या पातळीशी खूण आली, तर खलाशी 'बाय द मार्क सेव्हन' असे ओरडे. परंतु ४, ६, ८, ९ यांसारख्या आकड्यांवर खूणच नसे. तेथे वरच्याखालच्या खुणांवरून अदमास करून तो 'बाय द डीप फोर' असे ओरडे. म्हणजे जे मोजले त्याला 'मार्क' आणि जे अदमासाने सांगितले त्याला 'डीप', हा फरक त्या निरक्षर माणसाच्या आरोळीतच नोंदलेला असे, आणि सुकाणूवरचा मनुष्य त्या एका शब्दावरून किती विसंबायचे ते ठरवी. ओळंब्याच्या बुडाशी एक खळगा असून त्यात चरबी भरीत. तिला चिकटून तळची वाळू, शिंपले किंवा चिखल वर येई. नुसती खोली सांगून काम पुरे झाले असे कोणी मानीत नसे. तळाशी काय आहे तेही दाखवावे लागे.

विद्यापीठांतून आज जे प्रबंधांचे आराखडे सादर होतात त्यांत 'मोअर इन-डेप्थ अंडरस्टँडिंग' हे शब्द, रेघेसह अथवा रेघेवाचून, लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखे ठरल्या जागी छापलेले असतात. मध्यंतरी शेजारच्या एका मुलीचा असा आराखडा नजरेखाली घालण्याचा योग आला. कोकणातल्या एका खाडीकाठच्या मासेमारीवर तिला काम करायचे होते. मुलगी हुशार, खाडीवर वाढलेली, आणि तोंडी बोलू लागली की भरतीओहोटीची वेळ, जाळ्याच्या आसाचा आकार, कोणत्या महिन्यात कोणती मासळी, हे सारे घडाघडा सांगणारी. कागदावर मात्र तिने आरंभीच जाहीर केले होते की, प्रस्तुत अभ्यासात या विषयाचे अधिक सखोल आकलन करण्याचा मानस आहे. मी तिला विचारले, "अधिक म्हणजे कोणाहून?" ती गोंधळली. मग म्हणाली, "काका, तसं लिहायचं असतं ना." मी म्हटले, "लिही, पण पुढे 'दॅन' लिहून वाक्य पुरं कर." तिने पेन्सिल हातात घेतली, 'दॅन' लिहिले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा 'दॅन'च्या पुढे तिने आधीच्या दोन अभ्यासांचा दाखला दिला होता आणि त्यांत केवळ मोठ्या होड्यांची गणती झाली असून पायी फिरून शिंपले वेचणाऱ्या बायकांची नोंद कोठेच नाही, असे लिहिले होते. 'इन-डेप्थ' हा शब्द त्या नव्या परिच्छेदात तिने ठेवलाच नव्हता, आणि मलाही तो तेथे नाही हे ती गेल्यावर ध्यानात आले.

माझ्या त्या पहिल्या मसुद्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. शेऱ्यातले इंग्रजी दुरुस्त करण्याची माझी प्राज्ञा नव्हती, आणि टिपणाची सहा पाने दहा करावी असा मोह मला झाला होता हे कबूल केले पाहिजे. हेडक्लार्कांनी तो मोडला. "पाने वाढवू नका," ते म्हणाले, "गाळ काढा. तळ्याचा काढायचा म्हणता, आधी टिपणाचा काढा." दोन दिवस आम्ही दोघांनी जुनी दप्तरे उपसली. ज्या तळ्यांची बांधकामाच्या वेळची खोली सापडली त्यांच्यापुढे एक नवा रकाना काढून ती भरली, आजची खोली तिच्या शेजारी ठेवली, आणि तिसऱ्या रकान्यात मधली वर्षे लिहिली. जेथे जुना आकडा सापडला नाही तेथे रकाना कोरा ठेवून तळाशी तसा खुलासा केला. १३ फुटांचे ते पहिले तळे मुळात २१ फुटांचे निघाले. सहा पानांची चार पाने झाली. फाइल परत आली तेव्हा समासात तांबड्या पेन्सिलीने 'सीन' एवढाच शेरा होता, आणि तिसऱ्या रकान्यातल्या एका आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.